रतनवाडी ते रतनवाडी : रतनगडाला वळसा घालणारी एक दिवसाची वर्तुळाकार वाट

आडवाट

नमस्कार मंडळी,

गेल्या बारा वर्षांत रतनगडावर पाच वेळा जाणे झाले, आणि पाचव्या खेपेस ध्यानात आले की आपण रतनवाडी हे गाव आजवर पाहिलेलेच नाही. आधीच्या चारही खेपांना रात्री उशिरा पोचायचे, कोणाच्या तरी पडवीत पथारी पसरायची, पहाटे गड चढायचा आणि दुपार कलायच्या आत परतीच्या गाडीत बसायचे, असाच क्रम होता. देवळाला बाहेरूनच हात जोडले जात आणि गावातील माणसांशी बोलणे म्हणजे चहा व जेवणाची संख्या सांगणे, एवढेच. या जानेवारीत दोन दिवस हाताशी होते, म्हणून ज्या वाटेने चढलो त्या वाटेने न उतरता गडाच्या दुसऱ्या अंगाने साम्रद या गावी उतरून पायीच रतनवाडीला परत आलो. त्या एका दिवसाने या परिसराकडे पाहण्याची माझी रीतच बदलली, म्हणून हा धागा.

ज्यांना भूगोल परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रतनवाडी हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील, भंडारदरा जलाशयाच्या वरच्या टोकाचे गाव. गाव, गड आणि भोवतालचे रान हा सारा भाग 1986 साली जाहीर झालेल्या कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. गावाच्या डोक्यावर 1297 मीटर उंचीचा रतनगड आणि त्याला खेटून उभा असलेला खुट्टा हा सुळका. प्रवरेचा उगम याच गडावर, गुहेतल्या रत्नादेवीच्या पायाशी मानतात. पुढे ही नदी नेवाशाला, ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या गावाला भिडून, टोक्याजवळ गोदावरीला मिळते. गावात मात्र ती दगडांवरून उड्या मारत पार करता येईल एवढीच आहे, आणि गडाची वाट सुरुवातीला तिचे पात्र तीन-चार वेळा ओलांडते.

वाटेचा क्रम असा. सकाळी सहाला अमृतेश्वराच्या देवळापासून निघालो. पाऊण-एक तासात दाट रानात शिरलो, जेथे उन्हाचे कवडसे पडायलाही नऊ वाजतात. पुढे वाट फुटते. एक फाटा कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जातो आणि दुसरा गडाच्या शिड्यांकडे. शिड्या चढून गणेश दरवाजा गाठला तेव्हा नऊ वाजून गेले होते. रत्नादेवीच्या गुहेत थांबून पुढे हनुमान दरवाजा, राणीचा हुडा नावाने ओळखला जाणारा पडका बुरूज, टाकी आणि कोकण दरवाजा पाहत अकराच्या सुमारास नेढ्यात पोचलो. कातळाला आरपार पडलेल्या त्या भोकात बसले म्हणजे एका बाजूला जलाशय दिसतो, आणि दुसरीकडे अलंग, मदन, कुलंग ही गडांची त्रयी. वारा एवढा असतो की शेजारच्याला ओरडून सांगावे लागते.

बहुतेक मंडळी येथून माघारी फिरतात. आम्ही नेढ्याखालच्या त्र्यंबक दरवाज्याने उतरलो. हा दरवाजा म्हणजे कातळ फोडून काढलेली अरुंद घळ आणि तिच्यात खोदलेल्या गुडघाभर उंचीच्या पायऱ्या. उतरताना प्रत्येक पायरीवर बसून पाय खाली सोडावा लागला. पायऱ्यांच्या मध्यभागी कातळ झिजून गुळगुळीत झाला आहे. ही झीज आपल्या बुटांनी केलेली नव्हे. साम्रदच्या अंगाने वर येणाऱ्या शिबंदीची, ओझेवाल्यांची आणि गुराख्यांची ती पिढ्यान् पिढ्यांची ये-जा आहे, हे तेथे बसल्याबसल्या जाणवले. पुढे खुट्ट्याच्या पायथ्याशी वळसा घालून रानातून साम्रद गाठायला अडीच तास लागले. साम्रदला एका घरी भाकरी, भात आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी खाल्ली आणि जलाशयाला वळसा घालणाऱ्या रस्त्याने चालत संध्याकाळी पाचला पुन्हा अमृतेश्वरापाशी आलो. सांदण दरी साम्रदच्या वेशीवरच आहे, पण ती या दिवसात कोंबू नये. तिला स्वतंत्र दिवस द्यावा.

हा वळसा पूर्ण केल्यावर मला जे उमगले ते असे : गड, देऊळ, नदी, शेती आणि रान यांना आपण वेगवेगळ्या यादीत घालतो, पण गावाच्या लेखी ही एकच मालमत्ता आहे. गडाचे दोन दरवाजे दोन गावांच्या अंगणात उघडतात. ज्या रानातून आपण ‘जंगल ट्रेक’ म्हणून जातो, तेथील प्रत्येक हिरड्याच्या झाडाला वहिवाटीचा धनी आहे. ही गोष्ट सरळ चढून सरळ उतरल्याने कळत नाही.

जाणकारांनी देवळाविषयी, गावाच्या जीवनाविषयी आणि वाटेच्या दिशेविषयी अधिक लिहावे, ही विनंती.

मूर्तिवेडा

आडवाट, आपला लेख मनापासून आवडला. देवळाविषयी आपण फारच थोडे लिहिले आहे, म्हणून भर घालतो.

अमृतेश्वराच्या देवळाला सर्रास ‘हेमाडपंती’ म्हटले जाते. हेमाद्री हा यादवांच्या दरबारातील तेराव्या शतकातील मंत्री. हे देऊळ शैलीवरून पाहता त्याच्या आधीचे आहे आणि त्याचे शिखर भूमिज पद्धतीचे आहे. चार बाजूंना चार नक्षीदार पट्टे पायथ्यापासून माथ्याकडे चढत जातात आणि त्यांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या रांगा एकावर एक रचलेल्या असतात. वर जावे तशा त्या आकाराने लहान होत जातात, त्यामुळे मूळची मध्यम उंचीची इमारतही उंच भासते. हीच पद्धत अंबरनाथच्या शिवमंदिरात (तेथील शिलालेख शके 982, म्हणजे इ.स. 1060 चा आहे) आणि सिन्नरच्या गोंदेश्वरात दिसते. ही तिन्ही देवळे ज्यांनी लागोपाठ पाहिली त्यांना ‘हेमाडपंती’ या एका शब्दाने आपण किती वेगवेगळ्या गोष्टी झाकून टाकतो हे लगेच पटेल.

शिलाहार राजा झंझ याने बारा शिवमंदिरे बांधल्याचा उल्लेख शिलाहारांच्या ताम्रपटात आहे. त्यावरून बारा नद्यांच्या उगमांशी बारा देवळे अशी परंपरा रूढ झाली आणि प्रवरेच्या उगमाचे म्हणून अमृतेश्वराचे नाव त्या मालिकेत घेतले जाते. ताम्रपटात स्थळांची यादी नाही, म्हणून ही परंपरा परंपरा म्हणूनच सांगावी. तिचे मोल त्याने कमी होत नाही, कारण नदीच्या उगमाशी देव बसवावा ही जाणीव त्या परंपरेत टिकून आहे.

दोन गोष्टी आवर्जून पाहाव्यात. एक म्हणजे गाभाऱ्याला पुढून आणि मागूनही प्रवेश आहे आणि मागच्या बाजूलाही कोरीव खांबांचा मुखमंडप आहे. ही रचना आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी आढळते. दुसरी म्हणजे देवळापासून थोड्या अंतरावरची पुष्करणी. तिच्या आतील भिंतींत कोरीव देवकोष्ठे आहेत, त्यांतील मूर्ती प्रामुख्याने विष्णूच्या आहेत, म्हणून तिला विष्णूतीर्थ म्हणतात. शिवाच्या देवळाशेजारी विष्णूचे पाणी, अशी ही जोडी आहे. सकाळचे तिरपे ऊन पुष्करणीत उतरते तेव्हा कोनाड्यांतील नक्षी उठून दिसते, म्हणून सहाला गडाकडे निघण्यापेक्षा देवळात तासभर घालवून ऊन वर आल्यावर निघावे, असे मी सुचवीन.

प्रवराकाठची

पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरते आणि पिंड पाण्याखाली जाते. मी ते ऑगस्टमध्ये पाहिले आहे. पाणी इतके नितळ होते की तळाची पिंड स्पष्ट दिसत होती आणि वर तरंगणारी बेलाची पाने हळूहळू एका कोपऱ्यात गोळा होत होती. माझे आजोळ संगमनेरचे. लहानपणी आजी प्रवरेला ‘अमृतवाहिनी’ म्हणे आणि समुद्रमंथनातील अमृत, राहू आणि मोहिनीची कथा सांगे. राहुरीचे नाव आणि नेवाशाचे मोहिनीराजाचे देऊळ तिच्या तोंडी त्याच कथेत येत. अमृतेश्वर हे नाव त्या कथेच्या उगमाशी आहे हे मला त्या दिवशी गाभाऱ्यात उभी असताना कळले.

नागलीभाकर

मी अकोले तालुक्यातलाच आहे आणि या भागात माझे नातेवाईक आहेत, म्हणून गावाच्या बाजूने लिहितो.

आडवाट यांनी हिरड्याचा उल्लेख केला हे बरे झाले. येथील वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. भाताची खाचरे थोडी आणि लहान. उरलेली जमीन उताराची, वरकस. तिच्यावर नागली, वरई आणि खुरासणी घेतात. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा (रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायचा), पहिल्या पावसानंतर रोप टाकायचे आणि आषाढात आवणी (लावणी) करायची. पीक येते ते एकदाच, कारण पाऊस संपला की पाणीही संपते. मग उन्हाळ्यात हाताला पैसा लागतो तो बाळहिरड्याचा.

हिरड्याचे फळ कोवळे असताना, एप्रिल-मेमध्ये, झाडावर चढून झोडपून खाली पाडतात आणि अंगणात पसरून वाळवतात. हिरवे फळ आठवड्याभरात सुरकुतते, मग काळेभोर आणि खडखडीत होते. माझी मावशी दिवसातून दोनदा ते पायाने परतते आणि संध्याकाळी दव लागू नये म्हणून भरून आत घेते, कारण ओल लागली तर बुरशी येते आणि व्यापारी भाव पाडतो. त्या दोन महिन्यांत तिच्या बोटांची टोके काळी असतात आणि धुऊनही तो रंग जात नाही. झाडे रानातली असली तरी कोणत्या घराने कोणते झाड झोडपायचे हे पूर्वापार ठरलेले असते. बाहेरून आलेला पाहुणा मजेखातर फांदी ओढतो तेव्हा तो कोणाच्या तरी शाळेच्या फीला हात घालत असतो, हे कृपया लक्षात घ्यावे.

दुसरी गोष्ट कारवीची. साम्रदकडे उतरताना तुम्ही डोक्याइतक्या उंच झुडपांमधून आलात ती कारवी. ती साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते, डोंगर निळा-जांभळा होतो, त्या हंगामात मधही मिळतो. बी धरले की सगळे झुडूप वाळून जाते. त्या वाळलेल्या काठ्या सरळ, हलक्या आणि टिकाऊ असतात. त्या उभ्या लावून आडव्या बांधल्या की कूड तयार होतो आणि त्यावर माती व शेणाचा लेप देतात. या भागात भिजपावसाचे चार महिने असतात. मातीची भर भिंत धसते, पण कूड आतून वारा खेळता ठेवतो आणि लेप गेला तर पुन्हा देता येतो. आता सिमेंटची घरे आली आहेत आणि ती यावीत, कारण दर वर्षी लिंपण करण्याचे कष्ट बायकांच्याच वाट्याला येतात. तरी ज्या घरांना अजून कूड आहे ती थांबून पाहा आणि घरधनिणीला विचारून पाहा. आत डोकावून फोटो काढू नका.

भाताविषयी एक राहिले. काळभात, रायभोग, जिरवेल असे जुने वाण या तालुक्यात अजून घरी राखलेले आहेत. बीज राखण्याच्या याच कामासाठी आमच्या तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री मिळाली. तुम्ही जेवायला बसाल तेव्हा भात कोणत्या वाणाचा आहे ते विचारा. असे विचारणारा पाहुणा घरच्यांना फार आवडतो.

उभा कातळ

माहिती उत्तम आहे, पण दिशेबाबत माझे मत आडवाट यांच्या विरुद्ध आहे. त्र्यंबक दरवाज्याच्या पायऱ्या चढताना सोप्या आणि उतरताना कठीण आहेत, कारण उतरताना वजन पुढे जाते आणि पायरीवरच्या बारीक मुरमावरून टाच घसरते. नवख्यांना बरोबर घेऊन मी नेहमी साम्रदहून चढतो आणि शिड्यांनी रतनवाडीला उतरतो. शिडीला निदान धरायला गज असतात.

आणि जून ते सप्टेंबर या काळात त्र्यंबक दरवाज्याची वाट कोणीही धरू नये. पायऱ्यांवर शेवाळ येते, घळीतून पाणी वाहते आणि धुक्यात खुट्ट्याच्या पायथ्याचा वळसा चुकतो. रतनवाडी-घाटघर हा जिल्ह्यातील सर्वाधिक पावसाचा पट्टा आहे, हे विसरू नये.

आडवाट

उभा कातळ, आपले म्हणणे पायऱ्यांपुरते मला मान्य आहे. तरीही रतनवाडीहून चढण्यामागे माझी दोन कारणे आहेत. शनिवारी-रविवारी दहानंतर शिड्यांवर गर्दी होते आणि वर चढणारे व खाली उतरणारे समोरासमोर येतात. सकाळी लवकर चढून गेले की हा प्रसंगच येत नाही. शिवाय परतीचा साम्रद-रतनवाडी टप्पा सपाट रस्त्याचा असल्याने थकलेल्या पायांनी अंधार पडला तरी तो करता येतो, उलट दिशेने गेल्यास दिवसाच्या शेवटी रानातील उतरण उरते. नवखे सोबत असतील तर मात्र आपलीच दिशा योग्य. पावसाळ्याविषयी आपण लिहिले ते प्रत्येकाने पाळावे.

मूर्तिवेडा, उशिरा निघण्याची सूचना पुढच्या वेळी नक्की अमलात आणीन.

गोंदणनक्षी

वडील अडुसष्ट वर्षांचे आहेत, गड चढू शकणार नाहीत, पण देऊळ आणि गाव पाहण्याची त्यांची इच्छा आहे. त्यांच्यासाठी लहान वळसा आहे का?

नागलीभाकर

नक्कीच आहे, आणि तो मला स्वतःला गडाहून अधिक आवडतो. देवळापासून पुष्करणी, तेथून प्रवरेच्या पात्राकाठाने गडाच्या वाटेवर रान सुरू होईपर्यंत जावे आणि खाचरांच्या बांधावरून वळून वस्तीतून पुन्हा देवळाशी यावे. सावकाश चालले तरी दीड-दोन तास पुरतात. वडिलांना काठी द्या, कारण पात्रातील गोटे हलतात. सकाळी गेलात तर शेकरू दिसण्याची आशा धरायला हरकत नाही. पानांचा मोठा गोलसर घरटा उंच फांदीत दिसला की खाली शांत उभे राहावे.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आलात तर एक विनंती आहे. पिवळ्या फुलांचे जे शेत दिसते ते पुष्कळदा खुरासणीचे असते, रानातील सोनकीचे नव्हे. खुरासणीवर आमच्या घरांचे वर्षभराचे तेल अवलंबून असते. मागच्या हंगामात फोटोसाठी आत शिरलेल्या एका गटाने आमच्या नातेवाइकांचा अर्धा वाफा आडवा केला. त्यांना वाटले ते रानफूल आहे.

घाटमाथा

धाग्यावर अद्याप धरणाचा विषय आलेला नाही आणि त्यावाचून हे वर्तुळ अपुरे राहील. परतीच्या रस्त्यावर आपल्या डाव्या हाताला सतत जे पाणी असते ते 1926 साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचे, म्हणजेच भंडारदरा धरणाचे. दगडी बांधकामाच्या या धरणाचे काम 1910 मध्ये सुरू झाले होते. साठवण 11 टीएमसीच्या वर आहे आणि ते पाणी प्रवरेच्या कालव्यांतून खालच्या बागायतीला जाते. अकोले, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडचा ऊस त्यावर उभा राहिला. वरच्या गावांना त्या पाण्याने वेढले, त्यांच्या जुन्या वाटा बुडाल्या आणि धरणाजवळच्या शेंडी गावाला जायला वळसा किंवा होडी हेच मार्ग उरले. महाराष्ट्रात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या गावांपैकी जी गावे आहेत त्यांच्या विहिरी एप्रिलमध्ये तळ गाठतात, हे पाहून मला दर वेळी वाईट वाटते.

इतिहासाचा एक धागाही जोडतो. पेशवाईच्या काळात या डोंगरी गडांच्या रखवालीत महादेव कोळ्यांचा मोठा वाटा होता आणि त्याबद्दल त्यांना हक्क व वेतने होती. 1818 नंतर इंग्रजांनी गडांचे महत्त्व संपवले, शिबंदी कमी केली आणि ही वेतने गेली. त्यातून जो असंतोष पेटला त्याचे नेतृत्व पुढे याच तालुक्यातील देवगावच्या राघोजी भांगरे यांनी केले. त्यांना 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. गडाच्या दरवाज्यांतून जाताना त्यांची रखवाली करणाऱ्यांचे वंशज खाली खाचरात काम करत आहेत, ही गोष्ट ध्यानात ठेवून चालावे असे मला वाटते.

प्रवराकाठची

काजव्यांच्या हंगामाविषयीही लिहायला हवे. मेच्या अखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजवे एका तालात लुकलुकतात. तो लुकलुकाट म्हणजे नर-मादीची परस्परांना दिलेली खूण असते आणि गाडीच्या दिव्यांत किंवा टॉर्चच्या झोतात ती खूण विझते. दोन वर्षांपूर्वी आम्ही गेलो तेव्हा रस्त्यावर एवढ्या गाड्या होत्या की झाडापेक्षा दिव्यांचाच उजेड जास्त होता. तेव्हापासून आम्ही शनिवार-रविवार टाळतो, गाडी मुक्कामाच्या घरीच ठेवतो आणि यजमानांसोबत दिवे मालवून पायी जातो. मोबाईलही खिशातच राहतो. अर्ध्या तासाने डोळे अंधाराला सरावले की एका झाडावरची लाट दुसऱ्या झाडावर जाताना दिसते.

आडवाट

सर्वांचे आभार. प्रतिसाद वाचून मूळ वाटेत तीन बदल करत आहे. निघण्याआधी देवळात आणि पुष्करणीवर एक तास ठेवायचा. नवख्यांसाठी साम्रदहून चढून रतनवाडीला उतरायचे. आणि मुक्काम एकाऐवजी दोन रात्रींचा, एक रतनवाडीत आणि एक साम्रदला, म्हणजे दोन्ही गावांतील घरांना काही मिळेल आणि चालणाऱ्यालाही घाई राहणार नाही. मुक्कामाची व जेवणाची सूचना दोन दिवस आधी द्यावी, कारण किराणा शेंडीहून आणावा लागतो. अभयारण्याचे प्रवेशशुल्क भरून पावती जवळ ठेवावी. कचरा पिशवीतून परत न्यावा. गडावरच्या टाक्यांचे पाणी लोक पितात, त्यात हात-पाय धुऊ नयेत.

नागलीभाकर, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात यायचा विचार आहे. हिरडा तेव्हा अंगणात असेल का? मावशींची परवानगी असेल तर एक दिवस त्यांच्यासोबत परतायला बसेन.

नागलीभाकर

तिसऱ्या आठवड्यात झोडपणी नुकतीच सुरू झालेली असते. वाळवण पाहायचे तर मेच्या पहिल्या आठवड्यात या. मावशीला फोन केला होता. ती म्हणाली, खुशाल यावे, पण जुने कपडे घालून यावे, डाग जात नाही.